रिंगा बसेपर्यंत

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे भिंगरी म्हणत. खुर्चीत नीट टेकून बसलेला असा तो कुणी पाहिलाच नव्हता. घरात शिरला की एका हाताने बूट काढायचा, दुसऱ्याने खिडकी उघडायचा आणि तिथूनच विचारायचा, "झालं का गं जेवण?" बायको आतून म्हणायची, "अहो, भात माझ्या हुकमावर शिजत नाही. बसा जरा." मग तो बसायचा. म्हणजे खुर्चीच्या कडेला, बस सुटायला आल्यासारखा. जेवतानाही एक पाय दाराकडे वळलेला असे. झोपेत त्याची बोटं पांघरुणावर काहीतरी आवळत-सोडत असतात, असं बायको सांगे, आणि ती उगाच काही सांगणाऱ्यातली नव्हती.

त्याचा धंदाच तसा होता. कुठल्या तरी इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबायची, आत माणसं असायची आणि फोन भिंगरीला यायचा. बाहेरच्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे काहीच नाहीत, आत कोंडलेल्याला ती संपता संपत नाहीत. म्हणून तो जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच ओरडायचा, "आलो, आलो!" मग धापा टाकत गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पोचायचं, वीज तोडायची, ब्रेक मोकळा करून हाताने चाक फिरवायचं, लिफ्ट मजल्याशी आणायची, पुन्हा खाली धावत येऊन दार उघडायचं. लोक घामाघूम होऊन बाहेर पडायचे आणि आधी त्यालाच झापायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. तोवर खिशातला फोन पुन्हा वाजलेला असायचा.

या सगळ्या धावपळीत त्याच्या बुडाखाली एकच मोटरसायकल होती. जुनी, काळी, वजनाला भारी, गुडघे घासून घासून टाकीचा रंग गेलेली. तिला ब्रेक आहेत हे त्याला कुत्रं आडवं आलं तरच आठवायचं.

त्या वर्षी गाडीने धूर सोडायला सुरुवात केली, आणि नेमकी तेव्हाच त्याच्या मुलीला नोकरी लागली.

मुलगी गुरांच्या डॉक्टरकीचं शिकली होती. नोकरी लांब डोंगरातल्या दवाखान्यात. सकाळी लसींचा थंड डबा घेऊन निघायचं, वस्त्यावस्त्यांवर जाऊन गाई-बकऱ्यांना टोचायचं, दिवस मावळायच्या आत परत यायचं. अट एकच होती. स्वतःचं वाहन पाहिजे, आणि तेही चढाला दम न टाकणारं. पहिल्या तारखेला ती वाहनासकट हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"माझी गाडी घे," भिंगरी म्हणाला. "मी बसने फिरेन."

"तुम्ही? बसने?" बायको म्हणाली. "दुसऱ्या थांब्यावर ड्रायव्हरला उठवाल आणि स्वतः चालवायला घ्याल."

गाडी मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री आणि भिंगरी शाळेत एका बाकावर बसून एकाच वर्षी नापास झाले होते, त्यामुळे त्यांच्यात आदराला कधी जागाच उरली नव्हती. मिस्त्रीने इंजिन उघडलं. पिस्टनवरच्या रिंगा झिजून ढिल्या पडल्या होत्या. त्यांच्या कडेने खालचं ऑइल वर चढत होतं, पेट्रोलबरोबर जळत होतं आणि निळा धूर होऊन सायलेन्सरमधून निघत होतं. मिस्त्रीने सिलिंडरच्या आतली भिंत घासायचे दगड बसवलेल्या हत्याराने बारीक खरवडली, नव्या रिंगा घातल्या आणि इंजिन बांधलं.

"आता ऐका दोघं," तो चिंधीने बोटं पुसत बापलेकीला म्हणाला. "रिंगा कोऱ्या आहेत. त्यांचं आणि भिंतीचं जमायला वेळ लागतो. तोवर गाडी सांभाळून चालवायची."

"मी चालवते, काका," मुलगी म्हणाली. "तेवढाच माझाही हात बसेल."

"तू नको," भिंगरी म्हणाला. "तुला धीर नाही."

मिस्त्री हसता हसता टायरच्या ढिगावर बसला. "ऐकलंस का पोरी! कोण बोलतंय बघ!" मग उठून त्याने आपला तेलकट पंजा भिंगरीच्या खांद्यावर ठेवला. "तुला मी एकच शब्द सांगतो. हळू. बाकीचं काही डोक्यात ठेवू नकोस, राहणार नाही. हळू."

आणि भिंगरीने ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. भिंगरी असा चालला होता, जणू मागे बांधलेल्या टोपलीत अंडी आहेत. पाव पोचवणारा सायकलवाला शीळ घालत त्याच्या पुढे गेला. दप्तरवाली मुलं चालता चालता त्याच्या बरोबरीने आली. कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला. "काय भिंगरी, पेट्रोल संपलं का? धक्का देऊ?"

"रिंगा बदलल्यात."

"कुणाच्या? तुझ्या?"

एका इमारतीत निवृत्त शिक्षिका भाजीच्या पिशवीसकट लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. त्याने दार उघडलं तेव्हा त्या आत जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. "या," त्या म्हणाल्या. "घाई नव्हती. पालेभाजी निवडून झाली माझी." भिंगरी वरमला. घामाघूम माणसांचं झापणं त्याने हजारदा गिळलं होतं, पण हे त्याला लागलं.

त्याचं मनगट शिवशिवत असे. रस्ता मोकळा दिसला की अंगठ्याजवळची शीर उडायची, नुसतं एवढंसं पिळलं तर काय होईल असं वाटायचं, आणि मग डोळ्यांपुढे तो डोंगर उभा राहायचा. त्याने तो पाहिलेलाही नव्हता. तरी त्याला वळण दिसायचं, कलती उन्हं दिसायची, वळणावर बंद पडलेली गाडी आणि शेजारी डबा मांडीवर घेऊन बसलेली पोरगी दिसायची. डब्यातला बर्फ वितळतोय. तिथे "आलो, आलो" ओरडणारं कुणी नाही. मग त्याची मूठ आपोआप सैल व्हायची.

चढ तो टाळू लागला. पुलावरून जायच्याऐवजी खालून वळसा घ्यायचा. मागे कुणाला बसू द्यायचा नाही. कामं संपल्यावर तळ्याच्या कडेच्या सपाट रस्त्याने फेऱ्या मारायचा, वेगाचा काटा एकाच जागी खिळवून, कान इंजिनाकडे लावून. शरीर असं बांधून ठेवल्यावर आतली वळवळ दुसरीकडे फुटणारच. घरी तो जास्तच फिरू लागला. उठून गॅलरीत जायचा, खाली उभ्या गाडीकडे बघायचा, आत यायचा, मुलीच्या उघड्या बॅगेपाशी थांबायचा, एखादा घडी केलेला स्वेटर उचलून परत ठेवायचा, पुन्हा गॅलरीत.

"अहो, गाडी कुठे पळून जात नाही," बायको म्हणाली.

"गाडी नाहीच जात," तो म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

एका सकाळी चौकात त्याच्या मागचा स्कूटरवाला खोकत शेजारी आला. "काका, मागे बघा जरा. आमचा जीव घ्याल."

भिंगरीने वळून पाहिलं. निळा धूर. नव्याने बांधलेल्या इंजिनाला पहिल्या दिवशी थोडा होता, तो जाईल असं मिस्त्री म्हणाला होता. हा गेला नव्हता, वाढला होता. त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि तो हँडल धरून उभा राहिला.

आणि त्याला बरं वाटलं.

छातीत कितीतरी दिवस आवळून धरलेलं काहीतरी एकदम सुटलं. गाडी तयार नाही म्हणजे मुलगी जात नाही. त्याने कुणाला अडवलं नव्हतं, तो एक शब्दही बोलला नव्हता, सगळं आपोआप झालं होतं. हे सुख चौकातला दिवा बदलेपर्यंत टिकलं. मग त्याचे कान तापले. आजूबाजूच्या लोकांना आपल्या मनातलं दिसलं की काय, असं वाटून त्याने उगाचच खाली वाकून प्लगची वायर चाचपली.

मिस्त्रीकडे तो गेला नाही. ऑइलचा डबा विकत घेतला, तो जिन्याखाली विजेच्या मीटरच्या मागे लपवला, आणि घर जागं व्हायच्या आत उठून कमी झालेलं ऑइल इंजिनात ओतू लागला. रिंगा अजून बसतायत, असं स्वतःला सांगायचा. आणखी हळू चालवायला हवी, असंही. गाडी नीट व्हावी म्हणून तो ओतत होता, की ती नीट झालेली नाही हे कुणाला कळू नये म्हणून, हे त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. मुलीच्या खोलीतून वस्तू एकेक करून बॅगेत जात होत्या आणि तो मुकाट्याने बघत होता.

निघायच्या दोन दिवस आधी मुलगी लसींचा डबा कॅरिअरवर बांधून बघायला सकाळी लवकर खाली उतरली. बांधता बांधता तिची नजर सायलेन्सरच्या तोंडावर गेली. तिने आत बोट घातलं. बोट काळं आणि ओलं निघालं. ती ते बोट बघत असतानाच जिन्याखालून भिंगरी ऑइलचा डबा घेऊन बाहेर आला.

"बाबा, हे काय?"

"ऑइल."

"ते दिसतंय मला. कधीपासून ओतताय?"

"झाले थोडे दिवस."

"काकांना सांगितलंत?"

"सांगणार होतो."

"केव्हा? मी गेल्यावर?" ती थांबली. "की मी गेलेच नाही, म्हणजे?"

भिंगरी डब्याचं झाकण लावत आणि काढत राहिला. तिने डबा त्याच्या हातातून घेतला, पायरीवर ठेवला आणि गाडी स्टँडवरून काढली. "चला. धरा मागून."

गाडी चालू न करता दोघांनी ती मिस्त्रीच्या दुकानापर्यंत ढकलत नेली. वाटेत न्हाव्याने तोंड उघडलं होतं, पण मुलीचा चेहरा बघून त्याने ते मिटलं.

मिस्त्रीने सिलिंडर काढला, उजेडाकडे धरला आणि आत डोकावला. मग त्याने तो भिंगरीपुढे केला. "भांग पाडून घे. आरसा करून आणलायस."

आतली भिंत काचेसारखी चकचकत होती. मिस्त्रीने मुद्दाम उमटवलेल्या बारीक रेघा जळक्या ऑइलच्या पापुद्र्याखाली बुजल्या होत्या.

"रिंगांना मागून दाब लागतो रे," मिस्त्री म्हणाला. "इंजिनावर ताण आला की तो दाब त्यांना भिंतीवर रेटतो, मग दोघं एकमेकांना घासून एकजीव होतात. तू ताणच दिला नाहीस. चढ नाही, ओझं नाही, रेस नाही. गाडी चालवलीस की पाळण्यात घालून झुलवलीस?"

"तूच म्हणालास हळू."

"तुला म्हणालो!" मिस्त्री उसळला. "दुसऱ्या कुणाला मी असं सांगत नाही. दुसऱ्याला सांगतो, चढावर ताण दे, मग सोड, एका वेगात राहू नकोस, मध्ये थांबून गार होऊ दे. तुला हे सांगितलं असतं, तर तू पहिल्याच चढावर इंजिन जाळलं असतंस. तुला 'जरा बेताने' म्हटलं तर तू शर्यत लावतोस. म्हणून हळू म्हणालो, म्हणजे तू आपला मधे कुठेतरी राहशील. मला काय माहीत तू ऐकशील? जन्मात कधी ऐकलंयस माझं?"

"या वेळी ऐकलं."

"तिथेच तर घात झाला ना लेका!"

मुलीला हसू फुटलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला, तर ते नाकातून आलं, आणि मग डोळ्यांतून पाणीही आलं. तिने कोपराने चेहरा पुसला. "काका, परवा सकाळी निघायचंय मला."

"होईल," मिस्त्री म्हणाला. "रिंगांचा दुसरा जोड आहे माझ्याकडे. आज बांधतो, उद्या सकाळी चालवायची. काय ते पहिल्या काही चढांवरच ठरतं. बसल्या तर बसल्या." त्याने खरवडायचं हत्यार ड्रिलला लावलं आणि तिच्याकडे बघितलं. "हात स्थिर आहे का?"

"उधळलेल्या गाईच्या मानेत सुई घालते मी."

"मग ये."

तिने सिलिंडर शिकंज्यात आवळला, हत्यार आत सोडलं आणि एका लयीत वर-खाली करू लागली. चकाकी हळूहळू मेली आणि भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा उमटल्या. भिंगरी दुकानभर फिरत होता. पाना उचलायचा, ठेवायचा. नटांच्या डब्या सरळ रांगेत लावायचा आणि पुन्हा विस्कटायचा. "याला कुणीतरी त्या खांबाला बांधा," मिस्त्री म्हणाला, पण आवाजात राग नव्हता. आपलाही हात या घोळात आहे, हे त्याला कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने गाडी गरम करून दिली. गावाबाहेर दगडाच्या बंद खाणीकडे जाणारा लांब चढ होता, तिकडे जायचं होतं. भिंगरी सवयीने हँडलकडे गेला.

"तू मागे," मिस्त्री म्हणाला. "चालवणार ती. आज तुझं काम ओझं व्हायचं. आणि मागे वळून धूर बघायचा. आरशात तिला तिचंच कोपर दिसतं. चढावर रेस द्यायची, उताराला एकदम सोडायची, सोडल्यावर मागे निळं दिसतं का ते बघ. पहिल्यांदा दिसेल, बांधताना लावलेलं ऑइल असतं ते. मग कमी व्हायला पाहिजे. नाही झालं तर गाडी परत आण, आणि पोरीला दुसरं काहीतरी बघू दे." तो थांबला. "खरं सांग तिला."

आपल्याच गाडीवर मागे बसायची भिंगरीची ही पहिली वेळ. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. त्याने कॅरिअरचा गज धरला, सोडला, तिचे खांदे धरले, ते सोडून पुन्हा गज धरला. चढ आला तशी तिने मूठ पिळली. इंजिन घुमलं, पोटात थरथर उतरली, गाडी पुढे झेपावली आणि भिंगरीचा उजवा पाय हवेतच नसलेला ब्रेक दाबू लागला. दातांशी आलेला शब्द त्याने दातांशीच धरला. माथ्यावर पोचून तिने गाडी वळवली, उताराला लावली आणि रेस सोडली.

"बाबा? आहे का?"

त्याने मान वळवली. "आहे!"

पुन्हा चढ. पुन्हा उतार. "आहे!" त्यानंतरच्या खेपेला, "आहे, पण विरळ." तिने मान हलवली. तिच्या मानेवरचे केस घामाने चिकटले होते. पुढच्या चढानंतर माथ्यावर पोचल्यावर तिने इंजिन बंद केलं. गार होऊ द्यायला हवं होतं.

खाणीच्या कडेला ती एका दगडावर बसली. भिंगरी गाडीभोवती फिरत राहिला. तापलेलं लोखंड टिकटिक करत होतं. खाली गावाची छपरं, गच्च्यांवरच्या मशीनच्या खोल्या दिसत होत्या. कुठे कुठे आपण धावत चढलो आहोत, हे तो उगाचच शोधत होता.

"धूर पहिल्यांदा बघितलात तेव्हा बरं वाटलं ना तुम्हाला?" तिने विचारलं.

भिंगरी थांबला. नाही म्हणायचं त्याच्या तोंडात तयार होतं. त्याने बुटाने एक खडा खाणीत लोटला. तो खाली पोचल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

"हो," तो म्हणाला.

"मलाही." ती आपल्या बोटाकडे बघत होती. नखाच्या कडेला अजून काळं होतं. "काल, बोट काळं निघालं तेव्हा. अगदी क्षणभर. मग तुमचा इतका राग आला की बस. तुमचा आला की माझाच, कोण जाणे."

"भीती वाटते?"

"गुरांची नाही वाटत. रस्त्याचीही नाही. संध्याकाळची वाटते. त्या खोलीत गेल्यावर नुसती शांतता असणार. तुमच्यासारखं घरभर फिरणारं कुणी नसणार तिथे."

मग नको जाऊस. एवढं म्हटलं की पुरे होतं. तिने दार किंचित किलकिलं केलं होतं, हे भिंगरीला दिसत होतं, आणि बंद दारं उघडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. हे कुठल्या बाजूने उघडायचं, ते मात्र त्याला समजेना. तो तिच्या शेजारच्या दगडावर येऊन बसला.

"फोन करत जा," तो म्हणाला. "मी तासाभरात येईन."

"चार तासांचा रस्ता आहे, बाबा."

"तेच म्हणतोय मी."

ती हसली. थोड्या वेळाने तिने इंजिनाला तळहात लावला, तो काढला नाही, तसाच ठेवला. गार झालं होतं. तिने किक मारली.

या वेळी तिने खालपर्यंत जाऊन पूर्ण चढ घेतला, आधीपेक्षा जास्त रेस देऊन. इंजिनाचा आवाज बदलला होता. खरखर जाऊन तो खोल आणि भरीव झाला होता. तो भिंगरीच्या कानांनी तिच्या आधी टिपला. माथा आला, गाडी वळली, उताराला लागली. तिने मूठ सोडली.

"बाबा? आहे का?"

भिंगरीने वळून पाहिलं. चाकांनी उडवलेली पांढरी धूळ होती. धुळीमागे चढ होता, चढामागे खाणीचा कडा. निळं काही नव्हतं. तो बघत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ. तिला मागचं दिसत नव्हतं. तो जे सांगेल, तेच होणार होतं, आणि सांगायचा शब्द केवढासा होता. मान अवघडली तरी त्याने ती वळवली नाही. निळं काही नव्हतंच.

"आहे का, बाबा?"

"नाही!" तो ओरडला.

वाऱ्यात तिला ऐकू गेलं नाही. "काय?"

"नाही!" त्याने तोंड तिच्या कानाशी नेलं. "धूर नाही! अजिबात नाही!"

पायथ्याशी पोचल्यावर तिने गाडी वळवली, आणि त्याला काही न विचारता पुन्हा चढाला लावली.